टंड्रा टायर घेताना या चुका टाळा

अलास्कात कुणी सुपर कब (दोन सीटचं छोटं विमान) घेतलं की पहिली चर्चा टंड्रा टायरची, म्हणजे खडबडीत जमिनीवर उतरायला लावतात त्या मोठ्या, मऊ टायरची, आणि बरेच जण थेट 31 इंचीवरच जातात कारण फोटोत तेच दिसतात. चूक इथेच होते. आधी ठरवा की उतरायचं कुठे आहे. नदीकाठची वाळू, बारीक गोटे एवढंच असेल तर 26 इंची भरपूर झाले, पण मोठे धोंडे, खड्डे, गवताचे गठ्ठे असतील तर 29 किंवा 31 लागतात, कारण मोठं चाक खड्ड्यात अडकत नाही, वरून निघून जातं. 35 इंची खरोखर लागणारे लोक फार थोडे. आणि निम्मी लँडिंग डांबरावर होणार असतील तर परत विचार करा, बुशव्हीलचं (टंड्रा टायरचा एक ब्रँड) रबर मऊ असतं, डांबरावर भराभर झिजतं आणि जोडी हजारो डॉलरला पडते. अँकरेजच्या लेक हूडला खडीची पट्टी आहे, जमेल तेव्हा अशा ठिकाणीच उतरा. डांबरावर क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) जरा तिरकं टेकलं तर हे मऊ टायर जमीन घट्ट पकडतात आणि सगळा ताण गिअरवर, म्हणजे चाकांच्या पायांवर, येतो.

आता ब्रेक, हे मी प्रत्येकाला सांगतो कारण लोक टायर बदलतात आणि ब्रेक तसेच ठेवतात. चाक मोठं झालं की तोच ब्रेक कमी पकडतो. 22 इंचीवरून 31 वर गेलात तर पायाचा जोर तेवढाच ठेवून साधारण 30 टक्के पकड गेली. रनअपला (उडण्याआधी ब्रेक दाबून इंजिन तपासताना) विमान पुढे सरकायला लागलं तर समजा की हेच झालंय, डबल पक कॅलिपर (ब्रेकचा जास्त घट्ट पकडणारा भाग) बसवा. पण बसवल्यावर पहिले काही दिवस पाय हलका ठेवा हं, टेलव्हीलवालं (तिसरं चाक शेपटीखाली असलेलं) विमान ब्रेक जोरात दाबला तर नाकावर जातं.

नाकावरून आठवलं, चाकं 9 इंचांनी मोठी म्हणजे नाक साडेचार इंच वर, टॅक्सी करताना समोरचं आणखी कमी दिसतं. उडताना वजन आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो, क्रूझचा (सरळ उडतानाचा) वेग पडतो, म्हणून जुना इंधनाचा हिशोब चालणार नाही, नवीन काढा.

हवेच्या बाबतीत तर फारच गडबड होते. हे टायर 8-10 पीएसआयवर चालतात, टणक भरले की विमान चेंडूसारखं उसळतं. फार कमी ठेवलं तर टायर रिमवर फिरतो, आणि ट्यूबवाला असेल तर व्हॉल्व्हच तुटतो (बुशव्हीलला व्हॉल्व्ह टायरमध्येच असतो तो यासाठीच). गरम हँगरमध्ये 20 अंशाला 8 भरलं आणि बाहेर उणे 5 असेल तर जवळजवळ 2 पीएसआय आपोआप गेले, पंक्चर शोधत बसू नका. गाडीचा गेज एवढं कमी प्रेशर नीट दाखवत नाही, कमी प्रेशरचा वेगळा घ्या.

एसटीसीचे (विमानात असा बदल करायच्या सरकारी मंजुरीचे) कागद टायर ऑर्डर करायच्या आधी मेकॅनिकला दाखवा, आणि त्याच वेळी त्याच्याकडून गिअरचे बंजी (धक्का झेलणारे रबरी दोर) आणि सेफ्टी केबल तपासून घ्या. बंजी तुटला तर गिअर पसरू न देणारी ती केबलच असते आणि टायरच्या नादात तिच्याकडे कुणी बघतच नाही.