छाती धडधडायला लागली की काय करायचं, पॅनिक अटॅकवाल्यांसाठी

गेल्या वर्षी मे महिन्यात जळगाव-चोपडा एसटीत होतो, विदगावजवळ तापीचा पूल आला अन् एकदम वाटलं, झालं, गेलो आपण. छाती धडधड, बोटांना मुंग्या, घशाला कोरड, शेजारचे बाबा विचारताय "काय व्हयनं रे भो" अन् माझ्या तोंडातून शब्द फुटेना. दवाखान्यात ईसीजी काढला तर नॉर्मल. डॉक्टर म्हणे पॅनिक अटॅक आहे, म्हणजे एकदम येणारा भीतीचा झटका.

म्हणून आधी हे, की पहिल्यांदाच असं झालं असेल तर घरबसल्या निदान करू नका, तपासून घ्याच. छातीवर दाब, कळ हातात नाहीतर जबड्यात जातेय, तर सरळ 108 लावा. अन् आपल्याकडचं ऊन विसरू नका, उष्माघातातही धडधड अन् चक्कर असते, पण अंग भट्टीसारखं तापलं अन् माणूस बरळायला लागला तर सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, दवाखाना गाठा.

आता पॅनिक अटॅकच आहे हे माहिती असेल तर. घाबरून आपण भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या अन् गरगर त्याचीच. म्हणजे हवा कमी पडत नसते, जास्त होत असते! नाकातून 4 मोजून श्वास घ्या अन् तोंडानं 6 मोजून सोडा, बशीतल्या चहावर फुंकर मारतो तशी, हळू. जोर सोडण्यावर. मी सोबत पुढच्या सीटचा दांडा धरतो (मे मध्ये तो गार कुठला, चटकाच बसतो, तरी चालतं) अन् दिसेल ते मनात बोलतो, कंडक्टरची बॅग, खिडकीची गंजलेली कडी, कोणाच्या तरी पिशवीतली मेथी. साधारण 10 मिनिटांत कळस होतो, मग आपोआप उतरतं. "थांब, थांब" म्हणून त्याच्याशी भांडलात तर अजून चढतं.

माझी खरी चूक पुढची. मी एसटीच सोडली, मग बाजार सोडला, मग लग्नंपण, अन् भीती घरापर्यंत आली. टाळू नका हो. मी परत सुरू केलं ते फक्त विदगावपर्यंत, उतरायचं अन् दुसऱ्या गाडीनं माघारी. आठवडाभर तेच.

आजीनं दृष्ट काढली, काढू दिली, तिला बरं वाटतं. पण मेडिकलवरून कोणाच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या आणू नका, सवय लागते. वारंवार होत असेल तर मानसोपचारवाल्या डॉक्टरला भेटा, औषधं अन् समुपदेशन दोन्हींनी फरक पडतो. फोनवर बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

परवा पुलावर थोडी धडधड झालीच. दांडा धरून फुंकर मारत बसलो, धानोऱ्याकडच्या केळीच्या बागा लागल्या तोवर उतरली होती.