प्रकल्प अहवाल लिहिताय? वाचतानाच्या या चुका आधी टाळा

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा किंवा एमएचा प्रकल्प अहवाल ‘मजकूर उचललेला आहे’ असा शेरा घेऊन परत आला, की विद्यार्थ्याला धक्का बसतो. मुद्दाम चोरी केलेली नसते. गडबड आधीच, टिपणं काढताना झालेली असते.

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून सलग वाचू नका. आधी सारांश, मग प्रस्तावनेचा शेवट (संशोधनाचा प्रश्न बहुधा तिथेच असतो), मग तक्ते-आलेख आणि निष्कर्ष. निबंध आपल्या कामाचा आहे की नाही, ते एवढ्यात कळतं. असला तरच संशोधन पद्धती बारकाईने वाचा: नमुना किती जणांचा, कुठला, माहिती कशी गोळा केली. अख्खं पान हायलाइटरने पिवळं केलं तर महत्त्वाचं काय ते पुन्हा शोधावंच लागतं. त्यापेक्षा परिच्छेद संपला की समासात स्वतःची एक ओळ लिहा.

टिपण काढताना सगळ्यात आधी लेखक, वर्ष, पान क्रमांक. जसंच्या तसं घेतलेलं वाक्य तिथल्या तिथे अवतरणचिन्हांत टाका. दोन महिन्यांनी वहीतलं कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं लेखकाचं, हे कुणालाच सांगता येत नाही. बाकी मुद्दा पुस्तक मिटून लिहा, मग उघडून अर्थ ताडून पाहा.

समोर मजकूर ठेवून लिहिलं की फक्त शब्द बदलतात. समजा मूळ वाक्य असं आहे: ‘ग्रामीण मुलींच्या शिक्षणात वाहतुकीची अपुरी सोय हा मोठा अडथळा आहे.’ त्याचं ‘खेड्यातील मुलींच्या शिक्षणात प्रवासाची अपुरी सुविधा ही मोठी अडचण आहे’ असं केलं, तरी ती नक्कलच. ‘ये-जा करायला पुरेशी साधनं नसल्याने खेड्यांतल्या मुलींचं शिक्षण अडतं, असं अमुक (2019) दाखवतात’ हे चालेल. इथे रचना तुमची आहे आणि श्रेय लेखकाला दिलेलं आहे.

प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2018 चे नियम आहेत. दुसऱ्यांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्क्यांत सुधारून द्यावं लागतं, त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. 40 ते 60 टक्क्यांत सुधारित प्रत द्यायला वर्षभर बंदी. 60 च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची आणि श्रेय देऊन केलेली उद्धृतं यात धरत नाहीत. पण आकडा कमी आला म्हणून निर्धास्त राहू नका. दुसऱ्याची कल्पना श्रेय न देता वापरली तर तीन टक्के साम्य असलं तरी ती चोरीच.

पूर्वसाहित्याच्या आढाव्यात ‘अमुक यांनी 2015 मध्ये अभ्यास केला, तमुक यांनी 2017 मध्ये’ अशी जंत्री नको. प्रश्न, पद्धत, नमुना, निष्कर्ष, उणिवा अशा रकान्यांचा तक्ता करा आणि परिच्छेद मुद्द्यानुसार पाडा. कुणाचं कुणाशी पटत नाही, ते तिथे आपोआप दिसतं.

मराठीत टंकताना युनिकोडच वापरा. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही आणि त्यात शब्दही शोधता येत नाहीत.