डोळा लाल झालाय? मेडिकलवरून ड्रॉप आणायच्या आधी हे वाचून घ्या

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी इंदूरमधल्या कुठल्याही डोळ्यांच्या क्लिनिकमधे डोकावून बघा, बाकावर सगळे लाल डोळेवाले बसलेले असतात. गेरमधे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर मशीनने गुलाल उडवतात तो थेट तोंडावर येतो, मग तिथेच चोळाचोळी होते, घरी आल्यावर गुलाबपाणी, संध्याकाळी मेडिकलवाल्याकडून "कुछ दे दो भिया, आँख लाल है" म्हणून आणलेला ड्रॉप, आणि एवढं सगळं झाल्यावर मग आमच्याकडे. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या आधी जी तुम्हाला बोर्डावरची अक्षरं वाचायला लावते आणि नंबर काढते ती. औषध लिहून देणं माझं काम नाही आणि इथेही देणार नाहीये, पण घरी काय बघायचं आणि कधी सगळं सोडून निघायचं हे सांगू शकते कारण दिवसभर तेच बघत असते.

पहिली गोष्ट म्हणजे डोळा किती लाल दिसतोय यावरून काही ठरवू नका. सकाळी आरशात बघितलं तर पांढऱ्या भागावर लालभडक रक्ताचा डाग, बघणाऱ्यालाच घाम फुटतो, पण दुखत नाही, पाणी नाही, दिसतंय नीट, तर बहुतेक वेळा ती वरच्या पातळ पडद्याखालची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. खोकल्याची उबळ, उलटी, जड काहीतरी उचलणं, कधी काहीच कारण नसतं. एक-दोन आठवड्यांत पिवळट होत होत आपोआप जातं, ड्रॉपची गरज नाही, फक्त बीपी मोजून घ्या आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर त्या डॉक्टरांना सांगा. मार लागून झालं असेल तर मात्र दाखवायचंच. आणि उलट, नुसता गुलाबी दिसणारा डोळा, पण उजेडात उघडवत नाही आणि आतून ठणकतोय, तो जास्त धोक्याचा असू शकतो.

मग बघायचं काय? भिंतीवरचं कालनिर्णय. खरंच. चष्मा असेल तर लावा, एक डोळा तळव्याने झाका (दाबू नका) आणि नेहमीच्या जागेवरून तारखेखालची बारीक अक्षरं वाचा, मग दुसऱ्या डोळ्याने. दोन्ही उघडे ठेवून बघाल तर चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो आणि कळतच नाही. धूसर वाटलं तर दोन-चारदा डोळे मिचकावून परत वाचा, चिकटा किंवा पाण्यामुळे आलेलं धूसर साफ होतं, तरी साफ झालं नाही तर ते आतलं काहीतरी. दुसरं, खिडकीकडे बघवतंय का. तिसरं, दुखणं कसलं आहे, खुपणं-चुरचुरणं वेगळं आणि ठणका वेगळा. शेवटी मोबाईलचा टॉर्च बाजूने धरून (थेट समोरून नाही) काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसतो का ते घरच्या कोणाला बघायला सांगा. यातलं एक जरी गडबड निघालं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही.

आता डोळे येणं. 2023 च्या पावसाळ्यात देशभर साथ आली होती ती आठवत असेल, काळे चष्मे घालून लोक फिरत होते, आणि आमच्या शेजारच्या काकू दारातूनच ओरडायच्या, माझ्याकडे बघू नकोस! बघण्याने डोळे येत नाहीत हो काकू. हात, टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळाची एकच डबी, यांनी येतात. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. साथीतले बहुतेक व्हायरसचेच असतात, एका डोळ्यात सुरू होतं, दोन-तीन दिवसांत दुसऱ्यात, पाणी गळतं, कधीकधी कानापुढे गाठ दुखते, घसाही धरलेला असतो. सर्दीसारखंच, आपल्या वेळेने जातं, साधारण एक ते दोन आठवडे, कधी तीन. अँटिबायोटिक ड्रॉपने व्हायरस मरत नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसायचं, एक कापूस एकदाच, दोन्ही डोळ्यांना वेगळा. थंड पाण्याची घडी ठेवली की बरं वाटतं. टॉवेल वेगळा, हात साबणाने, आणि पोराला पाणी गळत असताना शाळेत पाठवू नका, टेस्ट असली तरी. घट्ट पिवळा-हिरवा पू पुसला की परत येतोय, पापण्या चिकटून बसतायत, तर बॅक्टेरियाचं असू शकतं, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग होतो पण कुठलं ते डॉक्टर ठरवतील. महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यातून पू आला तर तेल-काजळ-आईचं दूध काही न घालता लगेच दवाखाना, त्यात वाट बघायची नसतेच.

हे आता जरा लांबेल कारण माझा सगळा राग इथे आहे. मेडिकलवर मिळणाऱ्या बऱ्याच ड्रॉपमधे अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. टाकलं की दुसऱ्या दिवशी डोळा पांढराशुभ्र, माणूस खूश, आणि ती बाटली फ्रिजच्या दारात कायमची मुक्कामाला, मग आत्याला खाज आली की तीच, भाच्याला कचरा गेला की तीच. स्टेरॉइड लाली दाबतं, जंतू मारत नाही. हर्पीस किंवा फंगसचं इन्फेक्शन असेल तर त्याला उलट मोकळं रान मिळतं आणि कॉर्निया, म्हणजे काळ्या भागावरची ती काच, खराब होते. आणि महिनोन्‌महिने टाकत राहिलं तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, तो दुखत नाही, कडेची नजर गुपचूप खात जातो आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होतो. म्हणून बाटलीवरचं बारीक वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट, यातलं काही असेल तर ते स्टेरॉइड, मनाने टाकायचं नाही. डॉक्टर देतात तेव्हा प्रेशर तपासून, हळूहळू कमी करत देतात, तेव्हा ते औषधच आहे, घाबरून मधेच बंदही करू नका.

यात सगळ्यात जास्त सापडतात ती मुलं. उन्हाळा लागला की सहा-सात वर्षांची पोरं, मुलगे जास्त, सारखे डोळे चोळतात, दोरीसारखा चिकट पांढरा पदार्थ निघतो, उजेड सहन होत नाही, दरवर्षी तेच. ही अ‍ॅलर्जी आहे, साथ नाही, दुसऱ्याला लागत नाही. खाज हीच हिची मुख्य खूण. आई मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून तोच ड्रॉप आणते, पुढच्या वर्षीही तोच, आणि पोरगं बोर्डवरचं दिसत नाही म्हणायला लागतं तेव्हा आमच्याकडे येतं. शिवाय सतत चोळून कॉर्निया पातळ होऊन पुढे टोकदार होऊ शकतो, मग नंबर सारखा बदलतो आणि चष्म्याने पण नीट दिसत नाही. चोळू न देणं हेच अर्धं औषध, गार पट्टी ठेवा, बाहेरून आल्यावर तोंड धुवा, उन्हात टोपी-गॉगल, आणि डॉक्टरकडे दर सीझनला नवीन तपासणी.

कोरडे डोळे हे इथल्या विजयनगर भागातल्या आयटीवाल्यांचं दुखणं, आणि पन्नाशीनंतरच्या बायकांचंही. गंमत अशी की डोळा कोरडा असला की पाणी जास्त गळतं, म्हणून लोक मानायलाच तयार नसतात. अश्रूंवर तेलाचा एक पातळ थर असतो, तो बिघडला की ओलावा उडून जातो, डोळा खुपतो, मग रिफ्लेक्सने भरमसाट पाणी येतं जे टिकत नाही. स्क्रीन बघताना आपण मिचकवतो कमी आणि तेही अर्धवट. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघायचं, आणि मुद्दाम पूर्ण पापण्या मिटायच्या. एसीचा झोत तोंडावर नको, स्कूटीवर साधा का होईना चष्मा हवा. पापण्यांच्या कडांना कोंड्यासारखं साठत असेल तर कोमट कापडाने पाच-दहा मिनिटं शेक आणि मग कडा हलक्या हाताने पुसणं, हे रोज, आठवडाभर करून सोडलं तर काही होत नाही. नुसता ओलावा देणारा ड्रॉप, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजवाला, ठीक आहे, पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला घ्या. "लाली घालवणारा" ड्रॉप मात्र नको, नॅफाझोलिनवाले, ते रक्तवाहिन्या आवळतात आणि असर उतरला की डोळा आधीपेक्षा लाल. तोंडही कोरडं पडतंय आणि सांधेही दुखतायत असं असेल तर ते सांगा, कारण त्यामागे वेगळा आजार असू शकतो.

रांजणवाडी, म्हणजे इथली गुहेरी, तिला शेक द्या, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, फोडू नका, पापणीचा केस उपटू नका. आई म्हणते लवंग उगाळून लाव, तर डोळ्यात गेली की काय होतं ते तिला विचारू नका, फक्त लावू नका. एकाच जागी परत परत होत असेल आणि वय पन्नाशीपुढे असेल तर दाखवा. पूर्ण पापणी सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखतंय, तर त्याच दिवशी. नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकणारा मांसल पडदा, नाखुना, तो ऊन-धुळीने होतो, गॉगल घाला, घाई नसते.

आता कचरा आणि केमिकल. धुळीचा कण गेला तर चोळू नका, पाण्याने धुवा, वरची पापणी खालचीवर ओढून सोडा, बऱ्याचदा निघतो. निघाला नाही किंवा ग्राइंडिंग करताना उडालेला असेल तर घरी काडी, टाचणी, रुमालाचं टोक, काही नाही. पीथमपूरकडच्या कारखान्यातली मुलं एकमेकांच्या डोळ्यातून कण काढतात, सुईने, आणि अभिमानाने सांगतात. लोखंडाच्या कणाभोवती गंज धरतो, तो वेगळा काढावा लागतो. छिन्नी-हातोडीचं काम करताना काहीतरी उडालं असेल तर कण आतही गेलेला असू शकतो, बाहेरून काहीच दिसत नाही, तेव्हा न दाबता, न धुता सरळ दवाखाना. वेल्डिंग बिनाकाचेचं बघितलं तर दुखणं काही तासांनी, रात्री उठतं, एक-दोन दिवसांत बसतं, पण दाखवून घ्या, आणि कोणी बधिर करणारा ड्रॉप घरी वापरायला दिला तर घेऊ नका, त्याने कॉर्निया भरून येत नाही. शेतातून आलेल्यांनी एक लक्षात ठेवा, गव्हाचं कुसळ, सोयाबीनची काडी, झाडाची फांदी लागली आणि तीन-चार दिवसांनी पांढरा डाग दिसायला लागला तर फंगस असू शकतो, त्याला महिनोन्‌महिने उपचार लागतात, जितक्या लवकर याल तितकं बरं.

आणि चुना. तंबाखूबरोबरची ती छोटी पुडी किंवा ट्यूब, लहान मूल दाबतं, फुटते, सरळ डोळ्यात. हे मी लिहितेय त्यातलं सगळ्यात घाईचं आहे. चुना अल्कली आहे, अ‍ॅसिडपेक्षा आत जास्त उतरतो. 2025 च्या दिवाळीत भोपाळ-ग्वाल्हेरकडे कार्बाइड गनने (पाइपमधे कार्बाइडवर पाणी टाकून बार काढायची घरगुती बंदूक) कित्येक पोरांचे डोळे गेले किंवा जखमी झाले, तिथे भाजणं आणि स्फोट तर होताच, पण कार्बाइडवर पाणी पडलं की गॅसबरोबर चुनाच बनतो हे कोणी सांगत नाही. टॉयलेट क्लीनर, बॅटरीचं पाणी, सगळ्याला एकच: गाडी काढायच्या आधी नळ. मूल रडेल, हात-पाय झाडेल, तरी एकाने धरायचं आणि एकाने पापण्या बोटांनी उघडून साध्या पाण्याची धार निदान 15 ते 30 मिनिटं, नाकाकडून बाहेर, दुसऱ्या डोळ्यात जाऊ न देता. चुन्याचे खडे पापणीखाली दिसले तर ओल्या कापसाने पुसून काढा. लिंबू, व्हिनेगर घालून "मारायला" जाऊ नका. मग एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या, कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या नेत्र रुग्णालयात, वाटेतही धुवत.

लेन्स लावता आणि डोळा लाल झाला तर लेन्स आधी काढा, दुसरी घालू नका, आणि त्याच दिवशी दाखवा, लेन्सवाल्यांचं इन्फेक्शन एका रात्रीत वाढतं. नळाच्या पाण्याने लेन्स धुवू नका, घालून झोपू नका, हे तुम्हाला दुकानदाराने सांगितलेलंच असतं.

रात्रीसुद्धा वाट न बघता निघायचं ते असं: डोळा ठणकतोय, डोकं फुटतंय, उलट्या होतायत आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत (ते डोळ्याचं प्रेशर अचानक वाढलेलं असू शकतं, पोट बिघडलं म्हणून लोक दुसरीकडेच जातात), अचानक कमी दिसणं, मार किंवा फुगा लागून बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, आणि केमिकल. नागीण कपाळावर उठून नाकाच्या शेंड्यापर्यंत आली तर डोळा बरा दिसत असला तरी त्याच दिवशी दाखवा. बाकी साध्या लालीला दोन दिवस द्या, फरक नसेल तर या.

ड्रॉप टाकायची पद्धत पण बघून ठेवा. हात धुवा, मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करा, एकच थेंब, जास्त टाकला तर गालावर येतो. बाटलीचं तोंड पापणीला लागू देऊ नका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक मिनिट दाबून धरा, घशात कडू लागत नाही. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मधे पाच मिनिटं, मलम शेवटी. उघडल्याची तारीख पेनाने लिहा, महिन्यानंतर फेका, उरलेलं असलं तरी.

क्लिनिकला येताना आत्तापर्यंत टाकलेल्या सगळ्या बाटल्या आणा, लाज वाटेल ती पण, गुलाबपाणीसुद्धा. लेन्स आणि तिची डबी आणा, फेकू नका, त्यातून जंतू तपासता येतात. बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी, जुना चष्मा, जुनी चिठ्ठी. आणि कोणाला तरी बरोबर घेऊन या, कारण डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचा ड्रॉप टाकला तर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यात शिरतं, तसंच अ‍ॅक्टिव्हा चालवत घरी जायला आम्ही सोडणार नाही.