अनेक गोष्टींची आवड असेल तर करिअर कसं निवडावं

चित्रं काढायला आवडतं, जीवशास्त्रही आवडतं, शिकवण्यातही रस आहे. मग करायचं काय? अशा वेळी बहुतेक जण विषयांची तुलना करत बसतात आणि तिथेच अडकतात. विषय आवडणं वेगळं आणि त्या विषयातलं रोजचं काम आवडणं वेगळं. आठवड्याचे चाळीसेक तास जाणार आहेत ते कामात, म्हणून निवड कामाची करायची. खालच्या टप्प्यांना मिळून तीन-चार महिने लागतात. तेवढे द्या.

१. यादी करा, पुराव्यासकट

वहीत सगळ्या आवडी लिहा. प्रत्येकीपुढे तीन रकाने आखा: गेल्या १२ महिन्यांत अंदाजे किती तास दिले, काय पूर्ण केलं, आणि मध्येच सुटल्यावर कोणी न सांगता पुन्हा सुरू केलं का. तिन्ही रकाने रिकामे असतील, तर ती बहुधा पाहण्या-वाचण्याची आवड आहे. सिनेमे पाहायला आवडणारा प्रत्येक जण संकलन करताना तेच दृश्य पन्नास वेळा पाहायला तयार असतो असं नाही. ही आवड खोटी नसते, फक्त करिअरच्या यादीतून ती बाजूला काढा. मात्र साधनं, पैसे किंवा मोकळीक नव्हती म्हणून जे करताच आलं नाही, ते यादीत राहू द्या.

२. आवडीचे तुकडे पाडा

उरलेल्या प्रत्येक आवडीत तुम्ही नेमकं काय करता, ते क्रियापदांत लिहा. ‘छायाचित्रण’ एवढं लिहून भागत नाही. योग्य प्रकाशाची वाट पाहणं, अनोळखी माणसाला मोकळं करणं, शेकडो फोटोंतून दहा निवडणं, संगणकावर रंग सुधारणं ही चार निराळी कामं आहेत, आणि चारही सारखीच आवडतात असं क्वचित घडतं. मग कोणती क्रिया अनेक आवडींत पुन्हा पुन्हा येते ते शोधा. सायकल दुरुस्ती, प्रोग्रॅमिंग आणि बागकाम या तिन्हींत एखाद्याला ‘बिघाड कुठे आहे ते शोधणं’ हाच भाग सर्वांत आवडत असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली मांडलेली सहा गटांची विभागणी इथे उपयोगी पडते: हातांनी करायची कामं, शोध आणि अभ्यास, कलानिर्मिती, माणसांना मदत करणं वा शिकवणं, लोकांना पटवणं व पुढाकार घेणं, आणि नोंदी-हिशेब चोख ठेवणं. तुमची क्रियापदं या गटांत टाका. त्या पद्धतीतही माणसाला एकाच गटात न बसवता सहसा तीन गटांचा क्रम दिला जातो, तेव्हा दोन-तीन गट भरले तर तुमचं काही चुकलेलं नाही.

३. वेळेचं बंधन तपासा

वैद्यकीय शिक्षण, वैमानिकाचं प्रशिक्षण, स्पर्धात्मक खेळ यांना वय, लांबलचक अभ्यासक्रम किंवा शरीराची मर्यादा असते. लेखन, व्यवसाय, समुपदेशन उशिराही सुरू करता येतं. दोन पर्याय तुल्यबळ असतील, तर ज्याची वेळ निघून जाईल तो आधी आजमावा.

४. जाहिराती वाचा, माणसांना भेटा

प्रत्येक पर्यायासाठी नोकरीच्या २० जाहिराती वाचा आणि कामाच्या वर्णनातली क्रियापदं अधोरेखित करा. ती तुमच्या यादीशी जुळतात का पाहा. मग तिघांशी बोला: नुकताच रुजू झालेला, दहा वर्षं टिकलेला आणि ते क्षेत्र सोडून गेलेला. तिसरा माणूस सहसा कोणी शोधत नाही, आणि सर्वांत उपयोगी माहिती त्याच्याकडेच असते. ‘हे क्षेत्र कसं आहे?’ असं विचारलं की मोघम उत्तर मिळतं. ‘काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?’, ‘पहिली दोन वर्षं घरखर्च कसा भागला?’ असं विचारा.

५. छोटा प्रयोग करा

खरा निकाल इथे लागतो. दोन किंवा तीन पर्याय निवडा आणि एका वेळी एकच घ्या. चार ते सहा आठवडे, एकूण ३० ते ४० तास. कामात तीन गोष्टी हव्यातच: ते दुसऱ्या कोणासाठी असावं, त्याला तारीख असावी आणि ते पूर्ण होऊन हातात यावं. एखाद्या संस्थेचं माहितीपत्रक तयार करणं, दोन मुलांना एक धडा शिकवणं, छोट्या दुकानाचा महिन्याचा हिशेब लावून देणं, एवढं पुरे.

ऑनलाइन कोर्स केला म्हणजे प्रयोग झाला, असं समजण्याची चूक सर्रास होते. अनेक आवडी असलेल्या माणसाला शिकण्याचाच आनंद असतो, म्हणून त्याला प्रत्येक कोर्स आवडतो आणि निर्णय जिथल्या तिथे राहतो. दुसरी चूक म्हणजे पहिल्या आठवड्याच्या उत्साहावर भिस्त ठेवणं. नवेपणा ओसरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कंटाळवाण्या भागाला तुम्ही कसे सामोरे जाता ते पाहा. रोज दोन ओळी नोंदवा: काय केलं, आणि उठताना थकवा होता की हुरूप.

६. रचना ठरवा

आवडी एकत्र नांदवायच्या तीन रीती आहेत. पहिली, संगम: वैद्यकीय चित्रकार शरीरशास्त्र आणि रेखाटन दोन्ही वापरतो, डेटा पत्रकार आकडे आणि लेखन. दुसरी, एक मुख्य काम आणि बाकीचं फावल्या वेळात. इथे मुख्य कामाने संध्याकाळी थोडी ताकद शिल्लक ठेवली पाहिजे. तिसरी, आधी हे, काही वर्षांनी ते. सगळ्या आवडी एकाच नोकरीत कोंबायचा हट्ट धरू नका, तशी नोकरी शोधण्यातच वर्षं जातात. एखादी आवड पैशापासून मुद्दाम दूर ठेवणं हाही चांगला निर्णय असतो, कारण ग्राहक आला की त्याची पसंती आणि मुदतही येते.

निवड आयुष्यभरासाठी नव्हे, दोन ते तीन वर्षांसाठी करा. फेरविचाराची तारीख आणि ‘काय झालं तर सोडायचं’ हे आजच लिहून ठेवा, नाहीतर एका वाईट आठवड्यातच पळ काढाल. चालू नोकरी सोडायची असेल, तर निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. आणि अर्ज करताना बायोडेटात सगळे उद्योग मांडू नका. त्या पदाला लागणारी दोन-तीन कौशल्यं आणि ती दाखवणारं पूर्ण झालेलं काम, एवढंच वर ठेवा.