केटामाइन सत्रातलं संगीत: या चुका टाळा

केटामाइन हे भुलीचं औषध आता नैराश्यावरही देतात, आणि ते देताना रुग्णाला संगीत ऐकवतात. अशा सत्रात संगीताने त्रास झाला, की बहुतेक जण आधी गाणी बदलतात. दोष गाण्यांत क्वचितच असतो. तो असतो वेळेच्या हिशेबात, नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये.

आधी वेळेचं बघू. नैराश्यासाठी शिरेतून केटामाइन देताना प्रचलित मात्रा म्हणजे दर किलो वजनामागे ०.५ मिलिग्रॅम, साधारण ४० मिनिटांत. स्नायूत इंजेक्शन दिलं तर परिणाम काही मिनिटांतच चढतो, जिभेखालच्या गोळीला जास्त वेळ लागतो. तिन्हींना एकच प्लेलिस्ट कशी चालेल? तरीही सायलोसायबिनसाठी (काही मशरूममधलं, भास घडवणारं द्रव्य) बनवलेली पाच-सहा तासांची तयार यादी सर्रास लावली जाते. तिच्यातला चढता, भरीव भाग येईपर्यंत केटामाइनचा अंमल उतरलेला असतो. माणूस भानावर येतोय, त्याला शांत काहीतरी हवंय, आणि नेमका तेव्हाच कानात ऑर्केस्ट्रा गरजायला लागतो.

हेलन बॉनी आणि वॉल्टर पाहन्के या संशोधकांचा एलएसडी (असंच भास घडवणारं द्रव्य) उपचारातल्या संगीतावरचा लेख १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सत्राचे टप्पे पाडून कुठल्या टप्प्याला कसं संगीत हवं ते मांडलं होतं. तोच आराखडा इथेही उपयोगी पडतो, फक्त तासाभरात बसवावा लागतो: सुरुवातीला साधं आणि स्थिर, मग हळूहळू भरत जाणारं, नंतर बराच वेळ उतरतं. उतरणीचं संगीत नेहमी कमी पडतं. औषध संपल्यानंतरची किमान वीस-तीस मिनिटं यादीत धराच.

आता आवडत्या गाण्यांबद्दल. शब्द समजतात तिथे मन शब्दांच्या मागे जातं, आणि ओळखीच्या गाण्याला आठवणी चिकटलेल्या असतात, म्हणून अनोळखी वाद्यसंगीत बरं. पण याचा अर्थ रुग्णाची आवड विचारूच नये असा नाही. मेंडेल केलेन आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या सायलोसायबिन अभ्यासात, ज्यांना संगीत आवडलं, भिडलं आणि ज्यांनी ते मोकळेपणाने स्वीकारलं, त्यांचं नैराश्य अधिक कमी झालेलं दिसलं. त्यामुळे काय आवडतं यापेक्षा काय अजिबात सहन होत नाही ते विचारा. बासरी ऐकली की एखाद्याला दवाखान्याची वेटिंग रूम आठवत असेल, तर ते आधीच कळलेलं बरं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतच हवं असाही हट्ट नको. धूम्रपान सोडवण्यासाठीच्या एका छोट्या सायलोसायबिन अभ्यासात गाँग, सिंगिंग बोल यांसारख्या वाद्यांच्या तुलनेत ते सरस ठरलं नाही.

सगळ्यात जास्त घोळ मात्र फोन घालतो. मध्येच जाहिरात लागते. यादी संपली की अ‍ॅप आपल्या मनाने पुढचं काहीतरी वाजवतं. ब्लूटूथ दुसऱ्याच फोनला जोडलं जातं. केटामाइनच्या अंमलाखाली काळाचं भान सुटतं, त्यामुळे दोन तुकड्यांमधली तीन सेकंदांची शांतताही ‘सगळं संपलं’ अशी वाटू शकते. म्हणून यादी डाउनलोड करून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका (ब्लूटूथ लागत असेल तर तेवढं चालू करा), शफल आणि ऑटोप्ले बंद करा, क्रॉसफेड (एक तुकडा विरत असतानाच पुढचा सुरू होणं) आणि आवाज समान राखण्याची सोय चालू करा. मग पूर्ण यादी एकदा त्याच हेडफोनवर ऐका. हा कंटाळा बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात.

आवाज तुम्हाला ‘किंचित कमी’ वाटेल इतकाच ठेवा, कारण औषधाने ऐकू येणं तीव्र होऊ शकतं. बाहेरचा आवाज पूर्ण तोडणारे हेडफोन घातलेल्या रुग्णाला नर्सची हाक ऐकू येत नाही आणि त्याच्या कानात काय चाललंय हे थेरपिस्टलाही कळत नाही. शक्य असेल तर खोलीत स्पीकरवर तेच संगीत हलकं चालू ठेवा.

रुग्ण रडायला लागला की घाईघाईने गाणं बदलू नका. रडणं म्हणजे बिघाड नव्हे. बोलणं जड जातं, म्हणून हाताची खूण आधीच ठरवा: एक बोट वर केलं तर आवाज कमी, तळहात दाखवला तर बंद. बंद करतानाही आवाज हळूहळू उतरवा. शांतता हाही पर्याय असतो.

छातीत दुखणं, उलटी, चढता रक्तदाब यांवर प्लेलिस्ट बदलणं हा इलाज नाही. मॉन्ट्रियलमधल्या एका चाचणीत संगीत ऐकणाऱ्या गटाचा वरचा रक्तदाब सत्रात कमी वाढला, हे खरं. पण म्हणून देखरेख सैल करता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) ऑक्टोबर २०२३ मध्ये देखरेखीशिवाय घरी केटामाइन घेण्याच्या धोक्यांबद्दल इशारा दिला आहे. हेडफोन, आयमास्क आणि एकटा माणूस ही रचना करूच नका.

एक गोष्ट हमखास राहून जाते. सत्रानंतर रुग्णाने त्या दिवशी गाडी चालवायची नसते, कुणीतरी न्यायला येतं. त्यांना आधीच सांगा, गाडीतला रेडिओ विचारल्याशिवाय लावू नका.