एक तास, एक साधन: ठाणे-नवी मुंबईच्या वर्गांत मोफत संकेतस्थळांवरून इतिहास

इतिहासाच्या तासाला इंटरनेट वापरायचे म्हणजे प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावायचा, असे बहुतेक शाळांत धरूनच चाललेले असते. व्हिडिओ वाईट नसतो, पण तो म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलेला धडा. इंटरनेटवरून फुकट मिळणारी खरी मोलाची गोष्ट वेगळी आहे: मूळ साधन. जुना नकाशा, सरकारी अहवालाचे पान, छायाचित्र, उपग्रहचित्र. पाठ्यपुस्तकात यांना चौकटीपुरतीच जागा मिळते. म्हणून पस्तीस मिनिटांच्या तासाला एकच साधन घ्यावे आणि त्यावर एकच प्रश्न विचारावा. तीन संकेतस्थळे उघडायला गेलात तर निम्मा तास टॅब बदलण्यातच जातो.

सुरुवातीला घरचाच विषय बरा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, हे ठाण्यातल्या मुलांना पाठच असते. ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, तीन इंजिने, २१ तोफांची सलामी. इथपर्यंत सगळीकडे साधारण सारखेच वाचायला मिळते. मात्र प्रवासाला किती वेळ लागला, यावर संकेतस्थळांचे एकमत नाही. कुठे ५७ मिनिटे, कुठे सव्वा तास. तासाचा प्रश्न हाच ठेवा. दोन वेगवेगळ्या पानांचे स्क्रीनशॉट काढा, मुलांना वेग काढायला लावा. पहिल्या आकड्याने ताशी सुमारे ३६ किलोमीटर येतात, दुसऱ्याने सुमारे २७. मग विचारा: दोन्ही आकडे खरे असू शकतात का? इंजिनात पाणी भरायला गाडी थांबली, तो वेळ एकाने धरला आणि दुसऱ्याने सोडला, असे झाले असेल का? हे नक्की करायला कोणता कागद बघावा लागेल? त्या दिवसाचे वर्तमानपत्र की रेल्वे कंपनीचा अहवाल? इथे उत्तर सांगून टाकायची घाई करू नका. कोणत्याच पानाने आपला आकडा कुठून घेतला ते लिहिलेले नाही, हे मुलांना स्वतः दिसले की तासाचे काम झाले.

याच विषयावर दुसरा तास चित्राचा घेता येतो. पुलावरून धूर सोडत जाणाऱ्या गाडीचा एक फोटो ‘भारतातली पहिली रेल्वे’ म्हणून व्हॉट्सॅपवर फिरत असतो. विकिमीडिया कॉमन्सवर तो शोधून फोटोवर नाही, तर खालच्या वर्णनाच्या चौकटीवर क्लिक करा. तिथे दापूरी पूल आणि १८५५ असे साल दिसेल, म्हणजे पहिल्या गाडीनंतर दोन वर्षे. शिवाय ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गाडी गेली ती १ मे १८५४ला. तेव्हा खाडीच्या पुलावरून गाडी जातानाचे कोणतेही चित्र पहिल्या दिवसाचे असूच शकत नाही. आठवीच्या मुलांना हे लगेच पटते. फोटो कुठून आला हे माहीत नसेल तर गूगलच्या ‘चित्राने शोधा’ या सोयीत तो टाका आणि जे पान सर्वांत जुने व सर्वांत जास्त तपशील देणारे असेल, ते धरा. शोधयादीत सर्वांत वर आलेले पान धरू नका.

आता मुख्य खजिना. इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर बॉम्बे प्रेसिडेन्सीचे जुने गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्हावार माहितीचा ग्रंथ, फुकट वाचता येते. ठाणे जिल्हा त्यात तेराव्या आणि चौदाव्या खंडात आहे, दोन्ही १८८२चे. तेरावा खंड दोन भागांत आहे: जमीन, शेती, लोक, व्यापार, इतिहास. चौदावा निव्वळ स्थळांचा. वर्गासाठी चौदाव्यापासून सुरू करा, कारण त्यात गावानुसार नोंदी आहेत आणि आपले गाव शोधायला मुलांना आवडते. त्या काळचा ठाणे जिल्हा आजच्यापेक्षा खूप मोठा होता, हे मात्र आधी सांगा. पालघर जिल्हा वेगळा झाला तोच १ ऑगस्ट २०१४ला.

शोधताना अडखळायला होते ते स्पेलिंगपाशी. आजचे स्पेलिंग टाकून काहीच सापडत नाही आणि शिक्षक ‘इथे नाहीये’ म्हणून पान बंद करतात. ठाण्यासाठी टी-एच-ए-एन-ए, टी-ए-डबल एन-ए, त्याला शेवटी एच जोडून, आणि आणखी जुन्या प्रवासवर्णनांत टी-ए-एन-ए, अशी सगळी रूपे टाकून बघा. वसई ‘बसीन’ नावाखाली सापडेल, साष्टी ‘साल्सेट’ खाली. दुसरी अडचण त्याहून छुपी आहे. गॅझेटियरात देशी नावांच्या स्वरांवर उच्चारचिन्हे छापलेली आहेत. पान स्कॅन करून यंत्राने अक्षरे ओळखली तेव्हा ती चिन्हे बरेचदा भलतीच वाचली गेली आणि शब्दाच्या मधोमध कचरा आला. त्यामुळे अचूक स्पेलिंग टाकूनही पुस्तकातला शोध ‘शून्य’ दाखवतो. अशा वेळी गावाचे नाव सोडा. खाडी, मीठ, किल्ला, पूल यांचे साधे इंग्रजी शब्द टाका, किंवा शेवटची वर्णानुक्रमाची सूची उघडून पान गाठा. हा रस्ता लांबचा वाटतो, पण वेळ वाचवतो.

पीडीएफ वर्गात उघडू नका. अख्ख्या खंडाची फाइल इतकी मोठी असते की शाळेच्या संगणकावर ती उघडेपर्यंत मुले दंगा सुरू करतात. घरीच त्या संकेतस्थळावर पान मोठे करा, हवा तो परिच्छेद कापून चित्र म्हणून जतन करा आणि त्याच्या खाली खंड व पृष्ठ क्रमांक टंका. उतारा चार ओळींहून मोठा नको. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मराठी अनुवाद स्वतः करा, यंत्राकडून करून घेतलात तर मूळाशी ताडून पाहा. १८८२च्या इंग्रजीतले मोजमापाचे आणि महसुलाचे शब्द यंत्र हमखास चुकवते. कागदाच्या एका बाजूला अनुवाद, मागे मूळ.

एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. गॅझेटियर राज्यकर्त्यांनी कारभारासाठी लिहिले. आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर या समाजांच्या चालीरीतींवर त्यात मारलेले शेरे वर्गात जसेच्या तसे वाचून दाखवले तर समोर बसलेल्या मुलाला ते लागतात, आणि लागायलाच हवेत असे आहेत. दहावीला इतिहासलेखन शिकवताना असा उतारा जरूर घ्या, पण ‘हे कोणी लिहिले, कोणासाठी, कोणाला न विचारता’ हा प्रश्न उताऱ्याच्या वर छापून. खालच्या वर्गांत तो भाग टाळलेला बरा. शेती, बंदरे, मिठागरे यांवरचे उतारे तिथे पुरेसे आहेत.

ठाण्याच्या किल्ल्याचे एक गमतीचे आहे. पोर्तुगीजांनी तो १७३०मध्ये बांधायला घेतला, १७३७मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४मध्ये इंग्रजांकडे गेला. शहराच्या मध्यावर उभा आहे, पण सहल नेता येत नाही, कारण आत मध्यवर्ती कारागृह आहे. तेव्हा हा किल्ला पडद्यावरच दाखवावा लागतो. गूगल अर्थवर वरून तटाची आणि बुरुजांची आकृती शोधायला सांगा आणि चौदाव्या खंडातली ठाण्याची नोंद शेजारी ठेवा.

नवी मुंबईच्या शाळांची तक्रार असते की आमच्या शहराला इतिहास कुठला, परवाचे तर शहर. उलट इथले साधन जास्त सोपे आहे. नववीला १९६०नंतरचा भारत असतोच. गूगल अर्थमधला टाइमलॅप्स उघडा. तो १९८४पासून वर्षागणिक उपग्रहचित्रे दाखवतो आणि कुठलेही खाते लागत नाही. वाशी, घणसोली, खारघर, उलवे अशी ठिकाणे चार गटांना वाटून द्या. प्रत्येक गटाने १९८४, १९९५, २००५ आणि सर्वांत अलीकडचे अशी चार चित्रे बघून कोऱ्या कागदावर फक्त तीन रंग भरायचे: पाणी, हिरवे, बांधलेले. उलव्याच्या गटाला विमानतळासाठी कापलेली टेकडी दिसेल. तिच्यावर बाकीचे गट जमा होतात, त्यासाठी पाच मिनिटे राखून ठेवा.

इथे दोन गोष्टी चुकतात. या चित्रांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण ३० मीटर. इमारत शोधायला लागलेले मूल निराश होते, म्हणून आधीच सांगा की वस्ती दिसेल, घर दिसणार नाही. दुसरे म्हणजे भरती-ओहोटी. ओहोटीच्या वेळचे चित्र असेल तर खाडीकाठचा चिखल जमिनीसारखा दिसतो आणि मुले ‘भराव टाकला’ असे लिहून मोकळी होतात. लागोपाठच्या तीन वर्षांत तीच जागा तशीच दिसली तरच भराव म्हणायचे, असा नियम घालून द्या.

१९८४च्या आधीचे हवे असेल तर टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाच्या नकाशासंग्रहात भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे जुने अमेरिकी लष्करी नकाशे आहेत. त्यातला मुंबईचा तुकडा घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. खाडीच्या पूर्वेला शहर नाही, सुटी गावे, मिठागरे, दलदल. हा नकाशा आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवले की नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने (स्थापना १७ मार्च १९७०) काय केले हे सांगावे लागत नाही. कसे केले, हे मात्र सांगावे लागते. वरून काढलेल्या चित्रात जमीन दिसते, जमिनीचा मालक दिसत नाही. टाइमलॅप्सचे पहिले वर्ष १९८४. त्याच वर्षी १६ आणि १७ जानेवारीला उरण भागात प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मेले. त्या चित्रात यातले काहीच नाही. म्हणून या तासाचा गृहपाठ संकेतस्थळावरचा देऊ नका. घरी आजी-आजोबांकडे सातबारा किंवा साडेबारा टक्क्यांच्या (संपादित जमिनीच्या बदल्यात प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या) भूखंडाचा कागद आहे का ते बघायला सांगा, फक्त त्याचा फोटो शाळेच्या गटात टाकायचा नाही. त्यावर नावे आणि गट क्रमांक असतात.

मराठी विश्वकोश संदर्भाला चांगला, नोंदीखाली लेखकाचे नाव असते. पण छापील खंड १९७६पासून निघाले, तेव्हा लोकसंख्या आणि जिल्ह्यांच्या हद्दी जुन्या असणार. मराठी विकिपीडिया वर्गात बंदी घालण्यापेक्षा उघडून दाखवावा: वरच्या ‘इतिहास पहा’ या दुव्यावर क्लिक केले की कोणी कधी काय बदलले ते दिसते. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर नेतात. तिथले साहित्य आधी उतरवून ठेवता येते, उजळणीला ठीक.

आदल्या दिवशीची तयारी अशी. सगळे साहित्य पेन ड्राइव्हवर आणि शाळेच्या संगणकावर, दोन्हीकडे. टाइमलॅप्सला नेट लागतेच, म्हणून चारही वर्षांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, म्हणजे नेट गेले तरी तास जात नाही. प्रोजेक्टरची केबल आणि तुमच्या लॅपटॉपचे तोंड जुळते का ते वर्गात जाऊन बघा. साठ मुलांच्या वर्गात मागच्या तीन रांगांना पडद्यावरचा नकाशा वाचता येत नाही, तेव्हा चौघांत एक याप्रमाणे पंधरा झेरॉक्स काढाव्या लागतील. जुना नकाशा तसाच झेरॉक्सला दिला तर पिवळा कागद काळा होऊन येतो. आधी मोबाइलवरच चित्र कृष्णधवल करा, उजेड वाढवा, मग छापा. मुलांना कुठल्याही संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने खाते उघडायला लावू नका. गरज असेल तिथे खाते शिक्षकांचे.

स्वामित्वहक्काची भीती बाळगायचे कारण नाही. १८८२चे गॅझेटियर केव्हाच मुक्त झाले आहे, आणि शिकवण्याच्या ओघात उतारा वा चित्र वापरायला आपला १९५७चा कायदा मोकळीक देतो. तेच चित्र शाळेच्या वार्षिकांकात छापायचे असेल तर मात्र कॉमन्सवरच्या परवान्याची ओळ वाचा आणि छायाचित्रकाराचे नाव खाली द्या. प्रत्येक झेरॉक्सच्या तळाशी संकेतस्थळाचे नाव, पानाचा पत्ता आणि ते कोणत्या तारखेला पाहिले हे लिहा. पान पुढे गायब झाले तर इंटरनेट आर्काइव्हच्याच वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता टाकून जुनी प्रत मिळू शकते. तास ठरला की पान तिथे आधीच जतन करून ठेवले तर ती मिळण्याची शक्यता वाढते.