भोकरीचा वेल वाचवायचा तर

आमच्या नाशिककडे थॉमसन हे बिनबियांचं द्राक्ष आलं आणि भोकरी, फकडी, साहेबी या द्राक्षाच्या जुन्या जाती बांधावर गेल्या. असा एखादा वेल तुमच्याकडे उरला असेल तर तो तोडू नका, हात जोडून सांगतो. उद्या वाइनसाठी वेगळी चव, वेगळा आंबटपणा शोधावा लागेल, तेव्हा हेच वाण हवे असतील.

बी लावून जात राखता येत नाही. बियांचं रोप आईसारखं निघत नाही. काडीच लावावी लागते. घड पिकले की वेल पारखून खोडाला खुणेची चिंधी बांधा. पानं कडेनं खाली वळलेली, अवेळी लाल-पिवळी पडलेली दिसली तर तो वेल सोडा, विषाणू असू शकतो आणि तो काडीतून पुढे जातो.

ऑक्टोबर छाटणीला पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी, पक्व काडी घ्या. चार डोळे ठेवा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरपा, म्हणजे लावताना काडी उलटी जात नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी पिशवीत लावा, दोन डोळे मातीत.

काही रोपं स्वतःच्या मुळांवर ठेवा, काही डॉगरिज या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वापरायच्या दुसऱ्या द्राक्षवेलावर, पाचर कलम करून. खारवट जमिनीत खुंटाशिवाय टिकाव कठीण. सगळी एकाच बागेत मात्र नकोत. दोन शेजाऱ्यांना द्या, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रालाही कळवा. वहीत छाटणीची तारीख, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर, भुरी-केवडा हे रोग किती आले, हे लिहीत चला.